स्टॉडर्डची शेवटची तीन अक्षरं

आर्विड नीस्ट्रॉमच्या डाव्या हाताला कंप सुटला होता, हे विद्यापीठाच्या दुरुस्ती खात्यात दोघांनाच माहीत. एक तो स्वतः, दुसरा मी. त्याची परांची बांधायचं काम माझं.

ओरेगनमधल्या आमच्या गावात त्यानं चाळीस वर्षं देणगीदारांची नावं दगडात कोरली. ग्रंथालयाच्या नव्या दालनाच्या दारावर 'स्टॉडर्ड' ही इंग्रजीतली आठ अक्षरं कोरली की छिन्नी कायमची ठेवणार होता. स्टॉडर्ड इथंच शिकलेला, बुटांच्या कंपनीचा मालक. बूट शिवले जायचे समुद्रापलीकडं.

देणगी जमा झाल्याशिवाय नावाला हात लावायचा नाही, अशी आमची रीत. आर्विडनं ती मोडली. मला म्हणाला, "हात सध्या शान्यावानी वागतोय. त्यो काय कागदाची वाट बघत थांबल व्हय?"

पाच अक्षरं झाली आणि एप्रिलात कार्यालयासमोरच्या हिरवळीवर पोरापोरींनी तंबू ठोकले. परदेशातल्या कारखान्यांत कामगारांना कसं वागवतात यावर नजर ठेवणारी एक नवी संघटना निघाली होती, तिच्यात विद्यापीठानं जावं म्हणून. तिच्या मंडळावर कंपन्यांना खुर्ची नव्हती. कुलगुरूंनी सही केली. आठवड्यात स्टॉडर्डचं पत्र आलं: मला बाहेर ठेवून माझ्या कारखान्यांचा निवाडा करणार असाल, तर पैसा विसरा.

काम थांबवायचा हुकूम निघाला. तंबूत आर्विडची नात टेसाही होती. ती परांचीखाली येऊन ओरडली, "आजोबा, उतरा! जिंकलो आपण!"

"तू जिंकलीस. माजी तीन अक्षरं ऱ्हायली."

"त्याच्या कारखान्यात बायकांना लघवीला जायलासुद्धा परवानगी मागावी लागते. आणि तुम्हाला अक्षरांचं पडलंय?"

"आगं, मग बस की तंबूत. म्या कुठं ऊठ म्हनतोय?"

"उरलेल्या जागेत त्यांच्यातल्या एखादीचं नाव कोरा."

"कोरतो. सांग नाव."

टेसाला एकही नाव ठाऊक नव्हतं. ती तशीच तंबूकडं गेली.

मी दगडावर ताडपत्री बांधली. पहिल्याच वाऱ्यात ती फाटली, आणि बंद पडलेल्या कामाला दुसरी कोण देतो? शरदात वकिलांनी कसलीशी पळवाट काढली, विद्यापीठ संघटनेतून बाहेर पडलं, आणि स्टॉडर्डचा पैसा परत आला. तोवर आर्विडचा कॉफीचा कपसुद्धा बशीवर वाजायला लागला होता.

आमची मुकादम मार्ज म्हणाली, "म्हातारबा, मशीनवाला बोलावते. अर्ध्या दिवसात उरकेल."

"माज्या अक्षरांना दुसऱ्याचं शेपूट नगं."

त्यानं माझा कमरपट्टा मागून घेतला आणि डावं कोपर परांचीच्या खांबाला करकचून बांधायला लावलं. एरवी दीड दिवसाचं काम. अकरा दिवस लागले. तिन्ही अक्षरं सरळ उतरली. पण पाऊस खाऊन आधीची पाच शेवाळानं काळी-हिरवी पडली होती, आणि ही तीन दुधासारखी पांढरी. नाव कुठं अडलं होतं, ते रस्त्यावरून दिसायचं.

"ती पाच घासून काढ," मार्ज म्हणाली. "सोमवारी उद्घाटन आहे."

"घासलं की कडा बोथट हुत्यात. धा वर्सांनी दिसतील सारखी."

"आणि सोमवारी कुणी विचारलं तर?"

"इचारू दे." त्यानं छिन्न्या तेलाच्या फडक्यात गुंडाळल्या आणि घरी गेला.

सोमवारी ना तो आला, ना टेसा. दाराशी मी होतो. स्टॉडर्डनं वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"हे असं का?"

"पाऊस, साहेब," मी म्हणालो आणि दार उघडून धरलं.