बिनशपथेचं मत

काजळखेडात रविवारी झुंबरबाईंचं शिवणयंत्र बंद असे. लग्नसराई ऐन भरात असो, नवरदेवाचा बाप ओट्याखाली उभा राहून कितीही विनवण्या करो, आतून एकच उत्तर येई, "उद्या या, भाऊ. आज प्रभूचा दिवस हाये." गावाने सुरुवातीला याची टिंगल केली, मग सवय लावून घेतली. पुढे पुढे तर मुलीचं लग्न ठरलं की लोक आधी झुंबरबाईंकडे कापड टाकत आणि मगच ब्राह्मणाकडे तिथी विचारायला जात.

काजळखेड सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, जळगाव जामोदहून मोटारीने येण्यासारखं. ख्रिस्ती घरं चार-पाच, नाल्याच्या अंगाला. झुंबरबाईंचे यजमान दानियल हिवराळे मिशनच्या शाळेत मास्तर होते. पुढे गोरे साहेब मायदेशी गेले, शाळा बंद पडली, मास्तरही वारले. लोकांना वाटलं, आता ही बाई मलकापूरला भावाकडे जाईल. त्यांनी यंत्राला तेल घातलं आणि ओट्यावर बसल्या.

त्या ओट्यावर रोज संध्याकाळी सरकारी शाळेचे भालचंद्र गुरुजी वर्तमानपत्र घेऊन येत. संध्या कधी न चुकवणारे आणि इतिहासाचं वेड असलेले. दोघांचं एकाही बाबतीत पटत नसे, आणि वाद घातल्याशिवाय दोघांनाही चैन पडत नसे. गुरुजी बोलायला लागले की झुंबरबाई यंत्राचा पायटा थांबवत. यंत्र चालू राहिलं तर गुरुजी समजत, की आपला मुद्दा बाईंना ऐकण्यासारखा वाटलेला नाही.

"तुमचा धर्म इंग्रजाच्या टोपीखाली बसून आला, झुंबरबाई," गुरुजी एकदा म्हणाले. "रागावू नका. इतिहास आहे."

पायटा थांबला. "आला असंल. साहेबाच्या बंगल्यात आमच्यासाठी मागचंच दार होतं, गुरुजी, मी काही लपवत नाही. पण आला अन् त्याच्यासंगं गेला, असं तं झालं नाही ना? साहेब गेला. आम्ही इथंच हावो."

"तुमच्या वडिलांनी मात्र दुष्काळात ज्वारीसाठी..."

"हाव, जवारीसाठीच. पोरका होता, उपाशी होता. मिशनवाल्यानं जेवू घातलं." झुंबरबाईंनी दोरा दातांनी तोडला. "दुष्काळ दोन वर्षांत सरला. माहा बाप म्हातारा होऊन मेला, तोवर प्रार्थना करत होता. पोट भरल्यावर काऊन करत होता, हे बी लिहा तुमच्या इतिहासात."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "हे मात्र लिहायला हवं," ते म्हणाले.

नव्या राज्यावर गुरुजींचा फार विश्वास. महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पंचायत राज आलं होतं, आता खेडं सुधारणार असं ते म्हणत. झुंबरबाई हसत. "निजाम गेला, इंग्रज गेला, मध्यप्रदेश गेला, मुंबई राज्य आलं अन् गेलं. कचेरीवरच्या पाट्या बदलल्या, गुरुजी. माणसाच्या मनातलं पाप पाटी बदलून जात नाही. तरी आम्ही दर रविवारी राज्य करणाऱ्यासाठी प्रार्थना करतो."

"ज्याला तुम्ही मत दिलं नाही, त्याच्यासाठीसुद्धा?"

"त्याच्यासाठी तं जास्तच करा लागते."

अशी ही बाई ग्रामपंचायतीत गेली ती बाईची जागा भरायची म्हणून. गावात गट दोन, उत्तमरावांचा आणि हिंमतरावांचा. दोघांनाही भांडकुदळ बाई नको होती, आणि झुंबरबाईंच्या हातचं पोलकं प्रत्येक घरात होतं. सरपंच निवडायचा तो पंचांनीच. झुंबरबाई निवडून आल्या त्याच दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माहं मत उत्तमभाऊले. त्यायनं सार्वजनिक विहीर सगळ्याइले खुली केली, तवा त्यायच्या घरचेबी त्यायच्यावर उलटले होते. ते नाही हटले. म्हून."

उत्तमरावांनी आनंदाने हात जोडले आणि आपणहून म्हणाले, "मावशी, सरपंच झालो की पहिला ठराव तुमच्या मातीच्या जागेचा."

नाल्यापलीकडच्या गावठाणाच्या पडीक तुकड्यात ख्रिस्ती लोक आपली माणसं पुरत. दानियल मास्तर तिथेच होते. जागेला ना कुंपण, ना कागद. गुरं कबरींवरून चालत जात. पंचायतीने ठराव करून ती दफनासाठी राखून ठेवावी, एवढंच मागणं होतं, आणि ते मास्तर जिवंत असल्यापासूनचं.

निवड जवळ आली तसा उत्तमरावांच्या जिवाला घोर लागला. नऊ पंचांत त्यांच्याकडे स्वतः ते आणि झुंबरबाई धरून पाच. एक फुटला की संपलं. मग त्यांनी गावची जुनी रीत काढली. आपले पंच मारुतीच्या देवळात नेले आणि एकेकाकडून बेलभंडारा उचलून घेतला. हातात बेलाचं पान आणि भंडारा घेऊन दिलेला शब्द मोडला तर वंश बुडतो, असं गाव मानत होतं.

झुंबरबाईंना देवळात बोलावून त्यांना अडचणीत टाकायचं नाही, एवढं भान उत्तमरावांना होतं. त्यांनी आपल्या पुतण्याला, इंद्रभानला, मलकापूरला धाडलं. तो तिथून पवित्र शास्त्राचा ग्रंथ घेऊन आला. झुंबरबाई उत्तमरावांच्या ओसरीवर आल्या तेव्हा नव्या लाल कापडावर, पाटावर, ग्रंथ ठेवलेला होता. त्याला हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूचं फूल, शेजारी उदबत्ती.

झुंबरबाई क्षणभर पाहतच राहिल्या. मग खाली बसल्या, फूल उचलून बाजूला ठेवलं आणि पदराने मुखपृष्ठावरचं कुंकू हलकेच पुसलं. "इंद्रभान, एवढ्या दूर गेलास. मान ठेवलास. ते मले दिसते, बाप्पा. पण आम्ही ग्रंथाची पूजा नाही करत. आतलं वाचतो अन् तसं वागाची खटपट करतो."

"मग पूजा राहू द्या," उत्तमराव म्हणाले. "नुसता हात ठेवा आणि म्हणा, की मत मलाच देईन."

"ते नाही होणार, भाऊ."

इंद्रभान म्हणाला, "बेल नको, भंडारा नको, समजलं. आता तुमचंच शास्त्र आणलं, तेही नको?"

"त्याच्यातच लिहेल हाये, की शपथ वाहू नका. ना देवाची, ना जमिनीची, ना आपल्या डोक्याची. हो ते हो, नाही ते नाही. त्याच्यावर आणखी काही चढवा लागलं तं समजा, की पहिला हो खोटा होता. मी तुमाले हो म्हणलं ना?"

"म्हणलं, मावशी. पण लोकांच्या बोलण्याचा भरवसा काय?" उत्तमराव म्हणाले.

"मंग तुमी मले आजपर्यंत ओळखलंच नाही."

इंद्रभान फणकारला, "काका, ही पळायची सोय ठेवून राह्यली. हिंमतरावानं काही टाकलं असंल कानात."

"इंद्रभान, तुह्या लग्नाचा सदरा मी शिवला," झुंबरबाई म्हणाल्या. "तवा कापड उरलं होतं. वापस दिलं का नाही दिलं, ते तुह्या मायले इचार." आत चुलीपाशी कुणीतरी हसलं. उत्तमराव मात्र हसले नाहीत.

"पाहा मावशी," ते सावकाश म्हणाले. "तुम्ही शपथ घेणार नाही, तर मीही तुमच्या जागेच्या ठरावाचं काही बोलत नाही."

झुंबरबाई उठल्या. "तो तुमचा शब्द होता. तुमी पाहा." आणि ग्रंथ छातीशी धरून त्या घरी गेल्या, कारण तो ओसरीवर कुंकवात पडून राहावा हे त्यांना बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. उत्तमरावांनी हिंमतरावांच्या गटातला पंच रंगराव फोडला, आणि त्याची किंमत म्हणून त्याला खळ्यासाठी नाल्यापलीकडचा तो पडीक तुकडा देऊ केला. दानियल मास्तरांच्या अंगावर खळं होणार, बैल फिरणार.

हिंमतराव स्वतः झुंबरबाईंच्या ओट्यावर आले. "मावशी, आता तरी डोळे उघडा. तुम्ही इकडे आल्या, की रंगरावालाही मी परत वळवतो, मग पाच आमचे. उद्याच्या उद्या ठराव करून जागा तुमची. मी शपथही मागत नाही."

यंत्र चालूच राहिलं. हिंमतराव थोडा वेळ थांबले आणि निघून गेले. शेजारी बसलेल्या गुरुजींना मात्र राहवलं नाही.

"झुंबरबाई, शब्द आधी त्यांनी मोडला. करार दोन्ही बाजूंनी असतो. कोणताही धर्म तुम्हाला दोष देणार नाही."

पायटा थांबला. झुंबरबाईंचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "म्या सौदा केला असता तं तुमचं बरोबर होतं, गुरुजी. म्या विहिरीपायी हो म्हणलं होतं. विहीर आजबी खुली हाये. आता जागेपायी नाही म्हणलं, तं इंद्रभान खरा ठरला, की बुढी सोय ठेवून होती."

"आणि मास्तरांची कबर?"

"त्याच्यासाठी भांडीन. पण मत फिरवून नाही."

निवडीच्या दिवशी तालुक्याचा अधिकारी आला. चावडीत पंच बसले, बाहेर गाव गोळा झालं. उत्तमरावांच्या नावाला हात वर करा म्हटल्यावर स्वतः उत्तमराव, बेलभंडारा उचललेले तिघे आणि रंगराव, असे पाच हात वर गेले. काम झालं होतं. सहाव्या हाताची कुणाला गरज नव्हती आणि कुणी वाटही पाहत नव्हतं. खाली राहिला असता तर कुणी विचारलंही नसतं.

झुंबरबाईंनी हात वर केला आणि अधिकाऱ्याने लिहून घेईपर्यंत वर ठेवला.

हिंमतरावांच्या बाकावर खसखस पिकली. "नवऱ्याच्या कबरीवर खळं अन् खळं देणाऱ्याले मत," कुणीतरी म्हणालं. उत्तमराव खाली पाहत होते.

झुंबरबाई उभ्या राहिल्या. "साहेब, मी जे बोलली होती ते केलं. माहा शब्द आता फिटला. आता सरपंचाले सांगतो, ती माती आमची हाये. तिथं बैल जाऊन देणार नाही. ठराव करा, पोलीस आणा, मी हटत नाही."

सोमवारी सकाळी रंगराव बैलजोडी आणि कुळव घेऊन नाल्यापलीकडे गेला, तर झुंबरबाई तिथे बसलेल्या. ख्रिस्ती घरांतल्या बाया नाल्यातले गोटे आणून कबरींच्या कडेने मांडत होत्या.

"ऊठ ना वो बुढे," रंगराव म्हणाला. "मले काऊन पापात पाडतं? मले जागा सरपंचानं देली."

"तं सरपंचाले बोलाव. त्यायच्या तोंडानं ऐकू दे मले."

रंगरावाने माणूस धाडला. उत्तमराव आले, त्यांच्यामागे इंद्रभान, गुरुजी आणि अर्धं गाव. झुंबरबाई उठल्या नाहीत. बसल्याजागी त्यांनी वर पाहिलं.

"उत्तमभाऊ, म्या शपथ नाही घेतली. हात वर केला का नाही?"

"केला, मावशी."

"तुमी बी शपथ नव्हती घेतली. पहिला ठराव मातीच्या जागेचा, असं नुसतं बोलले होते, सगळ्यांपुढं. तुमच्या बोलण्याले बेलभंडारा लागत असंल तं तसं सांगा, मंग मी उठतो."

उत्तमरावांनी इंद्रभानकडे पाहिलं. तो नाल्याकडे पाहत होता. गुरुजींनी टोपी काढून हातात घेतली होती. रंगराव बैलांच्या कासऱ्याला धरून सरपंचाच्या तोंडाकडे पाहत राहिला. एक शब्द, की कुळव लागला असता.

तो शब्द आला नाही. ऊन चढायला लागलं. बैल पाय झाडू लागले. शेवटी रंगराव स्वतःशीच काहीतरी पुटपुटला, बैल सोडले आणि त्यांना सावलीकडे घेऊन गेला.

उत्तमराव अजून उभेच होते. "बसा, भाऊ," झुंबरबाई म्हणाल्या, आणि शेजारच्या बाईच्या हातातला गोटा घेऊन त्यांनी तो मास्तरांच्या उशाशी बसवला.