सैल सोडण्याचा जोर

बाळापुरात सतरंज्या विणणारे एक चाचा मला रोज दिसत. सुताचा गुंता झाला की ते तो मांडीवर घेत, हलकेच झटकत आणि शेजाऱ्याशी गप्पा मारत राहत. गुंता आपोआप सुटे. निवृत्तीनंतर सगळं सहज घ्यायचं मी ठरवलं होतं, म्हणून एकदा त्यांच्याकडून गुंता मागून घेतला. डोळे मिटून, दात घट्ट आवळून बसलो.

"सर, सैल सोडाले केवढा जोर लावून राह्यले तुमी!" चाचा म्हणाले.

मला हसू फुटलं, बोटं ढिली पडली आणि गाठ सुटली. "जमलं!" म्हणत मी आनंदाने दोरा खेचला. दोन नव्या गाठी बसल्या.

चाचांनी फक्त सूत कापायची कात्री माझ्यापासून दूर सरकवली.