एका खोलीत तीन विषय

समजा, उद्यापासून तुम्हाला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र एकत्र शिकवायचं आहे. एक खोली, चोवीस मुलं, तीन शिक्षक. सुरुवात कुठून कराल? भौतिकवाल्यांना पहिल्याच आठवड्यात वेग हवा असतो, आणि वेगासाठी डेरिव्हेटिव्ह, म्हणजे आलेखाच्या एखाद्या बिंदूवरचा उतार. गणितवाले डेरिव्हेटिव्हपर्यंत पोचतात तिसऱ्या महिन्यात, कारण आधी संच, मग फलनं, मग सीमा म्हणजे लिमिट. तोवर रसायनवाले अभिक्रियेचा वेग शिकवून मोकळे झालेले असतात आणि मुलं सूत्र पाठ करून मोकळी. आता बसवा वेळापत्रक.

ते बसवलं रसायनाच्या एका बाईंनी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, सासूबाईंची भाजी चिरून होईपर्यंत मिळणाऱ्या अर्ध्या जागेत. त्या अर्ध्यातही एका कोपऱ्यावर बाईंचा धाकटा दीर बसायचा. तो त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. कॉलेजात त्यांना मॅडम म्हणायचा, घरी वहिनी, आणि वाद पेटला की दोन्हीकडे ‘अहो रसायन’. सासूबाईंचं मत ठाम होतं. घरात दोन दोन शास्त्रज्ञ, आणि नळ गळतोय तो गळतोच.

बाई सतरा वर्षं शिकवत होत्या. एकदा मुलांच्या प्रयोगवह्या तपासताना त्यांच्या लक्षात आलं की सगळ्यांचे आलेख फार देखणे आहेत. एकही बिंदू रेषेबाहेर नाही. वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीला त्यांनी हे आकडे कसे मिळाले ते विचारलं. ती जराही न लाजता म्हणाली, उत्तर आधीच माहीत असतं ना मॅडम, मग तिथून मागे येत आकडे बसवले. तिच्या सूत्रात तर अख्खं कॅल्क्युलस होतं, आणि त्याच आठवड्यात गणिताच्या चाचणीत तिला वक्ररेषेचा उतार काढता आला नव्हता. दोन्ही गोष्टी एकच आहेत हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? शिक्षकच एकमेकांच्या खोलीत जात नव्हते.

गणिताच्या सरांना पोरं ‘खडूसर’ म्हणत. निवृत्तीला चार वर्षं राहिलेली, बाहीवर कायम पांढरा डाग. बाईंच्या वेळापत्रकाचा कागद पाहून ते म्हणाले, “अहो बाई, पाया न घालता गच्ची बांधायला निघालात तुम्ही.” बाईंनी वाद घातला नाही. त्यांना प्रयोगशाळेत नेलं, हातात स्टॉपवॉच दिलं आणि गरम पाण्याचं तापमान दर अर्ध्या मिनिटाला लिहायला बसवलं. सरांनी तीस वर्षांत प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडला नव्हता. आल्या आल्या चंचुपात्राला हात लावून त्यांनी बोट भाजून घेतलं. पण आलेख उतरू लागला, आधी भराभर, मग रेंगाळत, तसे ते कागदावर झुकले. वीस मिनिटं झाली तरी उठेनात. शेवटी दीर म्हणाला, “सर, पाणी गार झालं.” सर म्हणाले, अजून दोन नोंदी घेऊ. जाताना त्यांनी बाईंना सांगितलं की सीमा नंतर शिकवता येईल, आधी उतार शिकवू.

प्राचार्यांनी परवानगी दिली ती एका वर्षापुरती. वर्षाच्या शेवटी विद्यापीठाची समिती येणार, आणि तिने नाही म्हटलं तर अभ्यासक्रम बंद. चोवीस मुलांना पुन्हा साध्या पहिल्या वर्षाला बसावं लागणार. बाईंनी हे प्रवेशाच्या दिवशी एकेका पालकाला समोर बसवून सांगितलं. सहा जण उठून गेले, त्यांच्या जागी दुसरे आले. एका मुलीचे वेल्डर वडील सही करून उठले. मग म्हणाले, “पोरीचं एक वर्ष तुमच्या हवाली करतोय, मॅडम. जपून वापरा.”

ते वाक्य बाईंच्या डोक्यातून गेलं नाही.

वर्गाचा नियम एकच. प्रयोगाच्या नोंदी पेनने लिहायच्या, खोडायचं नाही. पहिले दोन महिने वह्यांचे हाल बघवत नव्हते. दीर म्हणायचा, आलेख आहे की डास मारलेली भिंत? पण हळूहळू पोरं विचित्र बिंदूपाशी थांबायला लागली. हा इथे का गेला, असं आपसात भांडायला लागली. बाईंना तेवढंच हवं होतं.

समिती आली. अध्यक्ष बारीक चणीचे, कमी बोलणारे. त्यांनी मुलांकडून पुस्तकातलाच प्रयोग करून घ्यायला सांगितला: वितळलेला पदार्थ थंड होताना त्याचा आलेख काढा. या प्रयोगाला नेहमी लागणाऱ्या नॅफ्थलीनची, म्हणजे डांबरगोळ्यांच्या पदार्थाची, बरणी तळाला गेली होती, म्हणून बाईंनी हायपो काढला, फोटो धुण्याच्या कामी येणारा पांढरा क्षार. तो साधारण अठ्ठेचाळीस अंशांना गोठतो. गोठेपर्यंत तापमान तिथेच थांबतं आणि आलेखावर सपाट रेषा येते.

पण त्या दिवशी तापमान थांबलं नाही. सत्तेचाळीस, पंचेचाळीस, बेचाळीस. नळीतला द्रव तसाच, काचेसारखा. बाईंना चव्वेचाळीसलाच उलगडा झाला होता. समिती येणार म्हणून पोरांनी आदल्या दिवशी परीक्षानळ्या दोनदा घासून डिस्टिल्ड वॉटरने धुतल्या होत्या. पहिला स्फटिक जमायला काहीतरी आधार लागतो, एखादा ओरखडा, एखादा जुना कण. पोरांनी आधारच धुऊन टाकला होता.

अध्यक्ष पहिल्या टेबलाशी उभे होते. तिथे वेल्डरची मुलगी नोंदी घेत होती. आलेख चुकलाय, ते म्हणाले, अठ्ठेचाळीसला थांबायला हवं होतं.

“हो सर, थांबायला हवं होतं,” ती म्हणाली. “पण थांबलं नाही. म्हणून तसंच लिहिलं.”

हायपोची बरणी बाईंपासून हातभर अंतरावर होती. त्यातला एक कण नळीत टाकला की पुस्तकातला आलेख हजर. दीर डोळ्यांनी बरणीकडे खुणावत होता. बाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. आपण आता कण टाकला तर वर्षभर यांना काय शिकवलं?

चौतीस अंशांवर नळीच्या कडेला एक पांढरी सुई उमटली. मग दुसरी. बघता बघता सगळी नळी सुयांनी भरली आणि पारा वर चढू लागला. एकोणचाळीस, पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस. तिथे थांबला.

अध्यक्षांनी विचारलं, खाली बर्नर नाही, मग ही उष्णता आली कुठून? मुलगी म्हणाली, कण एकमेकांना धरून बसले की उष्णता सोडतात. तापमान चौदा अंश वाढलंय, त्यावरून नळीतला सुमारे सहावा भागच घट्ट झाला असणार, सुयांच्या मधे अजून द्रव आहे. तिने आकडेमोड वहीत तिथेच केली, पेनने, एक चूक न खोडता तशीच ठेवून.

मागून खडूसरांना राहवलं नाही. “आता हिला त्या चौतीसच्या बिंदूवरचा उतार विचारा.”

“डावीकडून आलं तर उणे, उजवीकडून आलं तर अधिक,” ती म्हणाली. “दोन्ही जुळत नाहीत. तिथे डेरिव्हेटिव्ह नाहीच, सर.”

अध्यक्षांनी ती वही मागून घेतली. बैठकीत दाखवायची आहे, एवढंच म्हणाले.

आठ दिवसांत पत्र आलं. अभ्यासक्रम कायमचा मंजूर झाला आणि पुढच्या वर्षी दोन तुकड्या घ्यायलाही परवानगी मिळाली. खडूसरांनी निवृत्तीनंतरही दोन वर्षं शिकवायला यायचं कबूल केलं, अट एकच, प्रयोगशाळेत त्यांना स्वतःचं स्टॉपवॉच हवं. वेल्डर कामाच्या कपड्यांतच कॉलेजात आले. लेकीने त्यांना नळी गोठवून दाखवली तेव्हा ती त्यांनी उजेडात धरून बराच वेळ फिरवली. मग आणखी एकदा करून दाखव म्हणाले. तिने तीनदा करून दाखवलं. दोन गावांपलीकडच्या कॉलेजाने वेळापत्रकाची प्रत मागवली आहे, आणि बाई आता ती टेबलाच्या अख्ख्या पृष्ठभागावर पसरून पुन्हा लिहितात. भाजीची पाटी ओट्यावर गेली आहे.

फक्त एक गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देत नाही. त्या दिवशी दुसऱ्या टेबलावर तोच हायपो होता, तशाच धुतलेल्या नळीत, तितकाच तापवलेला. तो सत्तावीसपर्यंत द्रवच राहिला. त्यानंतर बाईंनी हा प्रयोग चाळीसदा केला, आणि आकडा दर वेळी वेगळा आला. दीर म्हणतो धूळ, खडूसर म्हणतात संभाव्यता. बाई दोघांचंही ऐकतात आणि नवी नळी धुवायला घेतात. धूळ तर धूळ, त्या म्हणतात, पण मग तीच नळी न उघडता दोनदा वितळवली तर एकदा चौतीसला आणि एकदा सव्वीसला का गोठते? पहिला कण नेमका याच क्षणी जमायचा, हे कशावरून ठरतं?