मानसीचा मार्कर आणि माझा

"सर, वैद्यमॅडमच्या प्रोग्रॅमपेक्षा यात कापड जास्त वाचतंय," मानसी म्हणाली आणि लॅपटॉप सरांकडे वळवला. माझ्याकडे नाही.

तो प्रोग्रॅम मी बारा वर्षांपूर्वी लिहिला. जीन्सचे तुकडे कापडावर असे मांडायचे, की कात्रण कमी निघेल. या मांडणीला मार्कर म्हणतात; आम्ही प्रोग्रॅमलाही तेच म्हणतो. उल्हासनगरचे जीन्सवाले आमचं सॉफ्टवेअर वापरतात, आणि आनंदनगरच्या आमच्या ऑफिसात मार्करचा प्रश्न माझ्याच टेबलावर येई.

मानसीला येऊन सात महिने झाले होते. नवा मार्कर तिने स्वतः लिहिलाही नव्हता. माझेच नियम तिने कॉम्प्युटरला दिले. त्याने एखादा नियम थोडा बदलायचा, जुन्या ऑर्डरींवर चालवून बघायचा, कापड वाचलं तर बदल ठेवायचा, नाहीतर टाकायचा. असं हजारो वेळा. शुक्रवारी सुरू करून ती बदलापूरला भावाच्या साखरपुड्यात नाचली. फोटो मी पाहिले. सोमवारी उत्तर तयार. मला दोन वर्षं लागली होती.

"हेच द्यायचं," सर म्हणाले. "मॅडम, एकदा नजर टाका."

तीन दिवस टाकली. चूक सापडली तेव्हा गार चहासुद्धा गोड लागला. नवा मार्कर काही तुकडे उलट्या दिशेने ठेवत होता. डेनिमला दिशा असते. तुकडा उलटा कापला, तर पँटचा एक पाय फिकट दिसतो. माझ्याकडे असं होत नाही, याची मला खात्री होती.

ऑफिसात सांगून भागलं असतं. पण मी सरांना आणि मानसीला थेट गिऱ्हाइकाच्या कटिंग टेबलाशी नेलं.

"मास्टर, हे असं कापाल?"

रामदास मास्टरांनी कागद पाहिला. "नाय ना. फिरवून घेऊ. वैद्यमॅडमचा पण फिरवतोच की."

"मीच वैद्य."

"अच्छा, तुम्ही काय? टोकाला एखादा उलटा येतो तुमचा. पहिल्यापासून. मी शेठला बोललो, तर शेठ बोलला, छोड ना, हाथ से घुमा ले."

सर मोबाइलमध्ये बघू लागले. मानसी हसली असती तर बरं झालं असतं.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "मॅडम, दिशेचा नियम तुम्ही लिहाल?"

लिहिला. तुकडा उलटा पडला की मांडणी बाद. दोन्ही प्रोग्रॅमना तोच नियम लावला. तिने शोध पुन्हा चालवला. फरक कमी झाला, पण जिंकला तिचाच. गिऱ्हाइकाकडे तोच गेला.

मार्कर तपासायचा तर कटिंग टेबलाशी उभं राहून तपासावा. बारा वर्षांत मी तिथे एकदाच गेले, तेही दुसरीची चूक दाखवायला.