खांदेमळण

वाशीममध्ये घरोघरी जेवण पोचवणाऱ्या त्या गड्याला मी गाडीवरून उतरलेलं कधी पाहिलंच नव्हतं. स्वतःच्या लग्नातही तो गाडीसकट बोहल्यावर चढला असणार. बोलायचाही तो हप्त्यानं. सोमवारी "काका, मले" म्हणाला, तेवढ्यात फोन वाजला आणि गेला. बुधवारी ब्रेक दाबून "तहान लागली" म्हणाला.

"अरे, कायद्यात आठ तास लिवले हायेत," मी एकदा ऐकवलं.

"ते कामगाराले, काका. कंपनी मले भागीदार म्हन्ते. भागीदाराले कायचे तास?"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होतो. तो आला आणि चक्क गाडीवरून उतरला. सूर्य पश्चिमेला उगवला की काय, ते मी वळून पाहिलं. त्यानं फोनवरचा कंपनीचा निरोप दाखवला: सणाच्या दिवशी जो काम बंद ठेवील, त्याची आयडी कायमची बंद. मग त्यानं शर्टाची बटणं सोडली. पाठीवरच्या पेटीच्या पट्ट्यांनी दोन्ही खांदे सोलून निघाले होते.

"या बैलायच्या मानेवर उद्या जू नाही ना, काका?"

"पोळ्याले कोन ठेवते?"

"मंग माह्याबी नाही. लावा हळद."

दुसऱ्या दिवशी तो माझ्या गोठ्यात असा घोरला, की पार तिकडच्या किन्हीराजा गावच्या लोकांना ढग गरजल्यासारखं वाटलं असेल. बैल तोरणाखालून मिरवून आले, तरी उठला नाही. उशाचा फोन दिवसभर वाजत होता, तो संध्याकाळी एकदम गप्प झाला. बॅटरी संपली की आयडी गेली, ते बघायला मी तो उचलला आणि तसाच पालथा ठेवला.