खानावळीआधीची मावशी

मेसचं ताट पुढं आलं की तेलगावची मावशी आठवते. नाव आम्ही कधी विचारलंच नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, डबा लागतो हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. दुपारी ती कॉलेजच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली भाकरी-पिठल्याची पाटी घेऊन बसायची. शेळ्या विकून पत्र्याचं शेड टाकायचं, खानावळ काढायची, असं तिच्या मनात होतं. पण शेळ्याही गेल्या आणि गिऱ्हाईकही आलं नाही तर, ही धास्ती होती.

"लई भारी झालंय, मावशी," म्हटलं की ती हात झटकायची. "तोंडात घास असला की समदेच गोड बोलत्यात, लेकरा."

एक दिवस ती आलीच नाही. वाट पाहून तिच्याकडं रोज जेवणारे आम्ही चौघं मित्र तिच्या घरी गेलो. ती उंबऱ्यावर, रस्त्याकडं तोंड करून बसली होती.

"आज कावून आल्या न्हाईत?"

"मुद्दामच. म्हटलं, बघावं कुणी हुडकत येतंय का." ती हसली. "आता विकते शेळ्या."

मग आत जाऊन तिनं पाटीवरचं फडकं काढलं. भाकरी त्या दिवशीही रोजच्याइतक्याच थापलेल्या होत्या.