गॅलरीच्या पोटाला धरून येणारं पाणी

नारपोलीतल्या आमच्या घरावर धाकट्या दिराने मजला चढवला, तेव्हा त्याला गॅलरीही काढली. ती नेमकी आमच्या खोलीच्या खिडकीवर आली. वाऱ्याबरोबर पाऊस आला की पाणी गॅलरीच्या कडेवरून खाली पडायचं सोडून तिच्या पोटाला धरून आत यायचं आणि खिडकीवरच्या फटीतून थेट सासूबाईंच्या खाटेवर टपकायचं. धाकटी जाऊ वर त्याच गॅलरीत उभी राहून चहा प्यायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

गेल्या पावसाळ्यात ती खाली आली आणि गोड आवाजात म्हणाली, "ताई, आईंना वर नेते. इथं ओल फार आहे."

सासूबाई उठल्या, पानाचा डबा घेतला आणि गेल्या. वीस वर्षं त्यांच्या जेवणातलं तिखट मी सांभाळलं, आणि ही कालची आलेली दोन मिनिटांत त्यांना घेऊन गेली! शेजारणी म्हणाल्या, सुटलीस. पण वरून त्यांच्या हसण्याचा आवाज आला की मला घास गोड लागेना. माझ्यापाशी त्या कधी अशा हसल्याचं आठवत नव्हतं.

मग मी हट्टालाच पेटले. काहीही करून त्यांना खाली आणायचं. नवरा लूमवर कामाला; त्याच्याकडून कापडाच्या चिंध्या मागवल्या आणि फटीत ठासून भरल्या. सुती कापड ते. पाणी अडवायचं सोडून त्याने ते ओढून आत आणलं, भिंत आणखीच फुगली. वरून धाकटीने विचारलं, "ताई, मदत हवी का?" मी खिडकी लावून घेतली.

शेवटी मिस्त्रीला बोलावलं. त्याने फटीकडे धड पाहिलंही नाही. "भाभी, पानी को दीवार तक आने ही मत दो," म्हणाला, आणि गॅलरीच्या खालच्या अंगाला, बाहेरच्या कडेपासून दोन बोटं आत, या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी बसवली. पाणी पट्टीशी अडायचं आणि तिथंच खाली गळायचं. फट मग सिमेंटने बुजवली. आठवडाभर आडवा पाऊस झोडपत होता, पण भिंतीवर थेंब नाही.

खाटेवर धुतलेली चादर घालून मी दुपारी वर गेले. सासूबाई शेवग्याचा पाला निवडत बसल्या होत्या.

"आई, चला खाली. भिंत सुकली."

त्यांनी मान वर केली नाही. "भित सुकली, बरा झाला. पन मना सांग गो बाय, माझ्या अंगावर पानी टपकायचा, तवा तू धाकटीच्या नावानं बोलत बसायचीस. एकदा तरी खाट सरकवलीस का?"

खाली आमच्या खोलीत समोरच्या भिंतीशी खाटेपुरती जागा होती, ते मला ठाऊक होतं. पण ओली खाट धाकटीला दाखवायला मला हवी होती.